रिकामी जागा आणि उभे सभागृह

(लोकप्रतिनिधींच्या स्मृतीला वाहिल्या जाणाऱ्या आदरांजलीचा अर्थ उलगडणाऱ्या, ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



६ मार्च या दिवसाची आठवण ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील जुन्या कार्यकर्त्यांना कोणी करून द्यावी लागत नाही. १९८२ साली याच दिवशी ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी यांचे निधन झाले. तो शनिवार होता. रामभाऊंचा जन्म ९ जुलै १९२१ चा. म्हणजे वयाची एकसष्टीही पूर्ण झाली नव्हती. जानेवारी १९८० मध्ये ठाणेकरांनी त्यांना दुसऱ्यांदा लोकसभेत पाठविले होते आणि ती मुदत निम्मीही सरली नव्हती. कर्करोगाने एक कर्ता माणूस ऐन कामातून उचलून नेला.

ज्या वर्षी रामभाऊ गेले, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ठाण्याची महानगरपालिका झाली. पुढच्या वर्षी, १९८३ च्या १ ऑक्टोबरला, कल्याण-डोंबिवलीची झाली. ज्या शहरांचे गाऱ्हाणे ते दिल्लीत मांडीत होते, ती शहरे महानगरे म्हणून उभी राहिलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आज या शहरांतील तरुण पिढीला रामभाऊंचे नाव ठाऊक आहे ते व्याख्यानमालेमुळे आणि प्रबोधिनीमुळे. हे नाव एका सभागृहाच्या कामकाजात एके दिवशी शोकाच्या उल्लेखात नोंदले गेले, त्या नोंदीचा अर्थ काय, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

सभागृहाचे सुतक

संसदेत किंवा विधिमंडळात सदस्याच्या निधनाची वार्ता येते तेव्हा काय घडते, हे पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. अध्यक्ष आपल्या आसनावरून दिवंगत सदस्याचे नाव उच्चारतात. त्याचा मतदारसंघ, त्याने किती वेळा सभागृहात काम केले, कोणत्या समित्यांवर होता, समाजजीवनात कोणते कार्य केले, हे सांगतात. मग सर्व सदस्य उभे राहून मौन पाळतात. आपल्या राज्याच्या विधिमंडळात रीतसर शोकप्रस्ताव मांडला जातो, त्यावर निरनिराळ्या पक्षांचे नेते बोलतात आणि तो संमत झाल्यावर सभागृहाच्या सहवेदना दिवंगताच्या कुटुंबीयांना कळविल्या जातात. माजी सदस्य गेला तरी त्याचा उल्लेख होतोच. कल्याणचे प्रा. राम कापसे हे ठाण्याचे खासदार होते; पुढे ते अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा आघात त्यांनी त्या पदावर असताना सोसला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले तेव्हा संसदेतून बाहेर पडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. तरीही सभागृह अशा माणसाला आपल्या खातेवहीतून वगळीत नाही.

या साऱ्या विधीत मतदान होत नाही, उपसूचना येत नाही, कोणी हरकतीचा मुद्दा उपस्थित करीत नाही. एरवी ज्या बाकांवरून आरोपांच्या फैरी झडतात, ते सारे बाक एका क्षणी एकत्र उभे राहतात. हे कोणत्या कलमाच्या धाकाने होत नाही. हे परंपरेने होते.

आपल्या घरांत कोणी गेले की भाऊबंद सुतक पाळतात. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बांधाचा तंटा चालला, तो चुलतभाऊही त्या दिवशी येऊन बसतो. सुतक हे नात्याची कबुली देते. सभागृहाचे उभे राहणे हे असेच एक सुतक आहे. गेलेला माणूस कोणत्या पक्षाचा होता याहून तो आपल्या गोत्राचा होता, लोकांनी निवडून दिलेला होता, ही ती कबुली आहे. ज्या समाजाची सभागृहे ही कबुली विसरतात, त्या समाजात मतभेदाचे वैर व्हायला वेळ लागत नाही.

परंतु सुतकाला आपल्याकडे एक मर्यादाही घातलेली आहे. तेरावा झाला, गोडाचे जेवण झाले की घर पुन्हा कामाला लागते. आणि त्याबरोबरच वारसाने मृताचे देणे पत्करावे, असेही आपली परंपरा सांगते. ज्याला घरदार मिळाले त्याने ऋणही फेडले पाहिजे. शोक आणि ऋण या दोहोंची जोड आपल्या धर्मविचाराने कधी तोडली नाही. लोकप्रतिनिधीला वाहिलेल्या आदरांजलीचा विचार करताना नेमके हे दुसरे अंग सुटते. दोन मिनिटांचे मौन सर्वांना जमते. देण्याचा हिशेब कोण करणार, हा प्रश्न मात्र उरतो.

विरोधकाच्या मृत्यूपुढे

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांचा २३ जून १९५३ रोजी श्रीनगर येथे स्थानबद्धतेत अंत झाला तेव्हा ते लोकसभेचे विद्यमान सदस्य होते. भारतीय जनसंघाची स्थापना होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या सरकारच्या काश्मीर धोरणाविरुद्ध त्यांनी प्राण पणाला लावले, त्याच सरकारचे बहुमत त्या सभागृहात होते. त्यांच्या मृत्यूविषयीचे प्रश्न अनेकांच्या मनात पुढेही धगधगत राहिले. तरीही संसदेतील त्यांची जागा रिकामी झाली ती साऱ्या सभागृहाची हानी होती.

पुढे अकरा वर्षांनी, २७ मे १९६४ रोजी, पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांचे पदावर असतानाच निधन झाले. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत होते. त्या सभागृहात नेहरूंच्या धोरणांवर कठोर टीका करणाऱ्यांत त्यांची गणना होत असे. चीनच्या आक्रमणाच्या जखमा अजून ओल्या होत्या. परंतु २९ मे रोजी अटलजींनी राज्यसभेत जी श्रद्धांजली वाहिली, ती संसदीय वाङ्मयात आजही आदराने वाचली जाते. टीका मागे घ्यावी असे अटलजींना वाटले नव्हते आणि आदर दाखविण्यासाठी मते लपवावीत असेही वाटले नव्हते. वादाची जागा कोणती आणि वंदनाची जागा कोणती, हा विवेक त्यांच्यापाशी होता. कार्यकर्त्याने शिकावे ते हे.

ठाणे जिल्ह्यालाही हा विवेक परका नाही. राष्ट्रवादी काँग्रेसचे वसंत डावखरे विधान परिषदेचे उपसभापती होते. ४ जानेवारी २०१८ रोजी ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत सर्व पक्षांची माणसे होती, कारण सर्व पक्षांत त्यांचे मित्र होते. ठाण्यातील राजकारण काही मवाळ नव्हे. येथे निवडणुका अटीतटीने लढल्या जातात. परंतु गडकरी रंगायतन असो, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर असो वा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर असो, शोकसभेच्या व्यासपीठावर सर्व रंगांचे झेंडे बाजूला ठेवून माणसे बसतात, हा या शहरांचा संस्कार आहे. तो जपला पाहिजे.

रामभाऊंचा हिशेब

आता रामभाऊंकडे पुन्हा वळू. १९५७ साली ते मावळातून विधानसभेवर गेले. पुढे पुण्यातून आमदार झाले. आणीबाणीत ते येरवड्याच्या कारागृहात स्थानबद्ध होते. १९७७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर आले. १९८० साली महाराष्ट्रातील बहुसंख्य जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या, तेव्हाही ठाणे मतदारसंघाने त्यांची साथ सोडली नाही. त्या काळी ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ असा विस्तीर्ण पट्टा एकाच लोकसभा मतदारसंघात होता. रोज पहाटे लोकलने मुंबई गाठणारा चाकरमानी, गिरणी व कारखान्यांचा कामगार, फाळणीनंतर येथे वसलेला सिंधी समाज, खाडीकाठचा आगरी-कोळी, आतल्या गावांतला शेतकरी, असे सारे त्यांचे मतदार होते.

एवढ्या मोठ्या मतदारसंघाशी एका माणसाने संबंध कसा ठेवायचा? रामभाऊंनी त्याचे उत्तर अतिशय साध्या साधनांनी दिले. आलेल्या पत्राला उत्तर गेलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक. सभागृहात प्रश्न विचारायचा तो अभ्यास करून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षाच्या अखेरीस आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवायचा. लोकप्रतिनिधीने दरवर्षी आपणहून मतदाराला हिशेब द्यावा, अशी सक्ती करणारा कायदा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. पाच वर्षांनी मतपेटी हिशेब मागतेच, मग मधल्या काळात कशाला, असे म्हणून सहज निभावले असते. पण संघाच्या शाखेत वाढलेल्या स्वयंसेवकाला पै-पैचा हिशेब देण्याची सवय असते. रामभाऊंनी तीच सवय विधिमंडळात आणि संसदेत नेली.

या अहवालांचे खरे मोल त्यांच्या निधनानंतर कळते. लोकप्रतिनिधी अचानक गेला तर त्याच्याबरोबर काय काय जाते? त्याच्या डोक्यात असलेली कामांची यादी जाते. कोणत्या खात्याकडे कोणता अर्ज अडला आहे, कोणत्या अधिकाऱ्याने कोणते आश्वासन दिले, कोणत्या वस्तीचा पाण्याचा प्रश्न कुठवर आला, हे बहुधा त्याच्यापाशीच असते. लोकसभेत त्याने मांडलेले खासगी विधेयक, तो सदस्य राहिला नाही की नियमानुसार नोंदवहीतून कमी होते. समित्यांवरील त्याची जागा जाते. ज्याने वर्षानुवर्षे लेखी हिशेब ठेवला, त्याचे देणे-घेणे मागच्यांना कळते. ज्याने ठेवला नाही, त्याची आदरांजली विशेषणांवर भागवावी लागते. ‘लोकनेता’, ‘झुंजार’, ‘तळागाळाशी नाळ जोडलेला’ हे शब्द कोणालाही लावता येतात. अमुक साली अमुक प्रश्न धसास लावला, हे वाक्य मात्र ज्याचे त्यालाच लागू पडते.

रामभाऊंच्या निधनाच्या वर्षीच, १९८२ मध्ये, रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीची स्थापना झाली. लोकप्रतिनिधींना आणि सार्वजनिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी ही संस्था आज याच ठाणे जिल्ह्यात, भाईंदरजवळ उत्तन येथील केशवसृष्टीत नांदते आहे. निरनिराळ्या पक्षांचे आणि निरनिराळ्या प्रांतांचे प्रतिनिधी तेथे शिकून गेले. ठाण्यात नौपाड्यात दर जानेवारीत त्यांच्या नावाची व्याख्यानमाला भरते. एका माणसाच्या कार्यपद्धतीला संस्थेचे रूप द्यावे, ही त्याच्या सहकाऱ्यांची कल्पना शोकप्रस्तावाहून मोठी ठरली. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला जातो. शाळेत वर्षभर पाठ चालतो.

जागा रिकामी ठेवू नये

सभागृह मौन पाळून पुन्हा खाली बसते तेव्हा एक बाक रिकामा राहिलेला असतो. त्या बाकावर लाखो मतदारांचा आवाज बसत होता. म्हणून गेलेल्या सदस्याला खरी आदरांजली कोणती, तर त्याच्या मतदारांना पुन्हा आवाज मिळवून देणे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेल्या कलम १५१-अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल, किंवा निवडणूक घेणे कठीण आहे असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तरच त्याला अपवाद आहे.

ठाण्याने हे २००८ मध्ये अनुभवले. शिवसेनेचे खासदार प्रकाश परांजपे १९९६ पासून सलग चार वेळा येथून निवडून आले होते. २० फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. मे महिन्यात पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे पुत्र आनंद परांजपे लोकसभेत गेले. लोकसभेची मुदत वर्षभराची उरली होती, लढत अटीची झाली. पण ठाणे-कल्याणचा मतदार फार काळ प्रतिनिधीवाचून राहिला नाही. रामभाऊंच्या निधनानंतरही १९८२ मध्येच पोटनिवडणूक झाली होती आणि जगन्नाथ पाटील निवडून आले होते. तेव्हा सहा महिन्यांचे हे कलम कायद्यात नव्हते.

आता याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून पाहावे. कसब्याचे पाच वेळा आमदार राहिलेले आणि पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. लोकसभेची मुदत तेव्हा एक वर्षाहून अधिक शिल्लक होती. पोटनिवडणूक मात्र झाली नाही. एका पुणेकराने उच्च न्यायालयात दाद मागितली. निवडणूक आयोगाने इतर निवडणुकांच्या तयारीचे कारण पुढे केले. ते मुंबई उच्च न्यायालयाला पटले नाही आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पोटनिवडणूक तातडीने घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ४ जून २०२४ ला सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक काळ, पुण्यासारख्या शहराला लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. बापटांसारखा माणूसवेडा, सर्व पक्षांत मैत्री राखणारा नेता. त्याच्या नावाने सभा झाल्या, अश्रू ढाळले गेले. परंतु त्याच्या मतदारांचा आवाज वर्षभर गप्प राहिला, ही गोष्ट त्या आदरांजलीत बसणारी नाही. हे आपल्या विचाराच्या माणसांनीही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. चूक दाखविताना ती कोणाच्या राज्यात झाली हे पाहिले तर हिशेब खोटा होतो.

सहानुभूती आणि मतपेटी

पोटनिवडणूक आली की आणखी एक प्रश्न येतो. दिवंगताच्या घरातील व्यक्तीला उमेदवारी द्यावी का? आणि दिली तर इतरांनी ती बिनविरोध सोडावी का?

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी कुळातले. कर्मभूमी अहमदाबाद. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अध्यक्षपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी सुशीला मावळंकर बिनविरोध निवडून आल्या. ज्या पुरुषाने लोकसभेच्या कामकाजाच्या प्रथांचा पाया घातला, त्याला राजकीय पक्षांनी दिलेली ती मानवंदना होती. महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ मध्ये तासगावात भाजप-शिवसेनेने उमेदवार दिला नाही. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वेचे आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत भाजपने भरलेला अर्ज मागे घेतला आणि ऋतुजा लटके निवडून आल्या.

दुसरे चित्र पालघरचे. ॲड. चिंतामण वनगा हे वनवासी समाजातून वर आलेले, वकिली केलेले, डहाणूतून आणि पुढे पालघरमधून लोकसभेत गेलेले कार्यकर्ते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे वनगा हे ठाण्याच्या जुन्या कार्यकर्त्यांना घरचेच. संसदेचे अधिवेशन नुकतेच सुरू झाले असताना ३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मे महिन्यातील पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र शिवसेनेचे उमेदवार झाले, भाजपने दुसरा उमेदवार दिला, आणि वनगांचे नाव दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून घेतले गेले. भाजपचे राजेंद्र गावित निवडून आले. निकाल काहीही लागो. ज्याने आयुष्यभर पाड्यापाड्यांवर पायपीट केली, त्याच्या स्मृतीचे दोन तुकडे करून प्रचारात वापरले गेले, याचे शल्य त्याच्याबरोबर चाललेल्या साध्या कार्यकर्त्याला झाले असल्यास नवल नाही.

यातून सरसकट नियम काढणे योग्य नाही. निवडणूक लढविणे हे लोकशाहीत पाप नव्हे. मतदारांना पर्याय देणे हेही कर्तव्यच आहे. वारसाला संधी मिळावी की न मिळावी, हे त्याच्या योग्यतेवर ठरावे. परंतु एक पथ्य सर्वांना पाळता येईल. गेलेल्या माणसाचे छायाचित्र फलकावर लावायचे असेल, तर त्याच्या अपुऱ्या कामांची यादीही त्याच फलकावर लावावी. सहानुभूती मागणाऱ्याने ऋण मान्य केले पाहिजे. घर मागायचे आणि देणे नाकारायचे, हा वारसा नव्हे.

तहकुबीचा मान

दिवंगताच्या सन्मानार्थ सभागृह दिवसभरासाठी तहकूब करण्याची प्रथा आहे. ४ जून २०१४ रोजी सोळाव्या लोकसभेची पहिलीच बैठक गोपीनाथ मुंडे यांना आदरांजली वाहून तहकूब झाली. आदल्याच दिवशी दिल्लीत अपघातात त्यांचा अंत झाला होता. नवनिर्वाचित सदस्यांच्या शपथाही त्या दिवशी झाल्या नाहीत. महाराष्ट्राच्या या लोकनेत्यासाठी देशाचे सभागृह थांबले, हे उचितच होते.

उलट २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या वेळी सेंट्रल हॉलमध्ये कोसळलेले केरळचे खासदार ई. अहमद यांचे १ फेब्रुवारीच्या पहाटे निधन झाले. तो अर्थसंकल्पाचा दिवस होता. सभागृहाने आदरांजली वाहिली, अर्थसंकल्प मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी कामकाज झाले नाही. त्यावर तेव्हा मतभेदही झाले. दोन्ही प्रसंग मिळून एक गोष्ट सांगतात : थांबण्याची वेळ आणि काम करण्याची वेळ यांचा मेळ घालावा लागतो.

हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. आपल्या महानगरपालिकांच्या आणि नगरपालिकांच्या सभांतही श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची पद्धत रुळली आहे. विद्यमान नगरसेवक गेला तर ते समजण्यासारखे आहे. पण विषयपत्रिकेवर पाणी, रस्ते, शाळा आणि रुग्णालये वाट पाहत असताना तहकुबी हा सोयीचा रिवाज होऊ लागला, तर गेलेल्याचा मान राहतो का? ज्याने रात्री-अपरात्री लोकांच्या नळाला पाणी यावे म्हणून धावपळ केली, त्याच्या नावाने पाण्याचा विषय पुढच्या महिन्यावर टाकावा, हे त्याला रुचले नसते. मौन पाळून, एक तास अधिक बसून, त्याने मांडलेला एखादा रखडलेला विषय त्याच दिवशी निकाली काढला, तर ती आदरांजली त्याच्या कुटुंबाला अधिक समाधान देईल.

कार्यकर्त्याचे कर्तव्य

आता अखेरचा प्रश्न. शोकप्रस्ताव सभागृहात होतो. कार्यकर्ता तर सभागृहाबाहेर असतो. त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, आपला लोकप्रतिनिधी हयात असतानाच त्याच्या कामाची लेखी नोंद राहील, याचा आग्रह धरावा. कार्यालयात एक वही असावी : अर्ज कोणाचा, कोणत्या खात्याकडे, कोणत्या तारखेला, पुढे काय झाले. आज संगणक आहे, भ्रमणध्वनी आहे. रामभाऊंच्या काळी पोस्टकार्ड होते. साधन बदलले तरी शिस्त तीच.

दुसरी गोष्ट, निधनानंतरच्या शोकसभेत विशेषणे थोडी आणि कामे अधिक सांगावीत. वक्त्याने येण्याआधी तासभर जुनी कात्रणे आणि कामकाजाचे वृत्तांत चाळावेत. संसदेचे आणि विधिमंडळाचे कामकाज नोंदलेले असते. ते वाचण्याचे कष्ट घेतले तर प्रत्येक दिवंगत सदस्याविषयी दोन खऱ्या गोष्टी सांगता येतात.

तिसरी गोष्ट, अपुऱ्या कामांची यादी तेराव्याच्या आत तयार करून ती नव्या प्रतिनिधीच्या हाती द्यावी, मग तो कोणत्याही पक्षाचा निवडून येवो. यात मनाचा मोठेपणा लागतो. आपल्या माणसाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जाईल, अशी भीती वाटते. पण वस्तीतला पूल झाला, तर त्यावरून चालणाऱ्या म्हातारीला श्रेयाशी कर्तव्य नसते.

चौथी गोष्ट, विरोधी पक्षाचा प्रतिनिधी गेला तरी त्याच्या घरी जाऊन यावे. शहर लहान असते, आठवणी दीर्घ असतात. निवडणुकीत ज्याच्याविरुद्ध घसा कोरडा केला, त्याच्या पत्नीला धीर देण्यासाठी जाणारा कार्यकर्ता आपल्या पक्षाची उंचीच वाढवितो.

१८५३ साली आगगाडी ठाण्याला आली आणि दुसऱ्याच वर्षी कल्याणला पोहोचली, तेव्हापासून या पट्ट्यातली माणसे गाडीच्या वेळेवर जगत आली आहेत. ठाणे काय, कल्याण काय, डोंबिवली काय, एका माणसासाठी गाडी थांबत नाही, हे येथल्या प्रत्येकाला पक्के ठाऊक आहे. पण रोजच्या डब्यातला एखादा सोबती गेला, तर त्या दिवशी त्याची जागा तशीच ठेवून, त्याची आठवण काढणारी माणसेही याच गाड्यांत भेटतात. आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याच्या घरचे निवृत्तिवेतनाचे कागद पुरे करण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितात. जागा राखायची आणि कागदही पुरे करायचे, या दोन्ही गोष्टी त्यांना कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. सभागृहाने आणि कार्यकर्त्याने यापेक्षा वेगळे काही करायचे नाही.

रामभाऊ म्हाळगी, प्रकाश परांजपे आणि चिंतामण वनगा यांचे स्वभाव वेगळे होते, काळ वेगळे होते. तिघांचा पक्षही एक नव्हता. काम हातात असतानाच तिघेही गेले, एवढे मात्र तिघांत समान. त्यांच्या नावाने उभे राहण्याची दोन मिनिटे संपली की उरते ते त्यांनी हाती घेतलेले काम. ते ज्याने पुढे नेले, त्याने आदरांजली वाहिली, असे समजावे.